वाचक विचारतात : क्रिएटिनिन ‘जरासं’ वाढलंय, मग?

गेल्या अंकात किडनीविषयी प्रश्न मागवले होते. पत्रं कमी आली, रिपोर्टांचे फोटो फार आले. त्यातल्या बऱ्याच फोटोंत नेमका आकडाच अंगठ्याखाली गेलेला. जे वाचता आलं त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत. नावं छापलेली नाहीत. मी अमरावतीत किडनीचे रुग्ण पाहते, त्यामुळे उत्तरांत वऱ्हाडचं ऊन आणि वऱ्हाडचं पाणी डोकावणारच. डोस कुणालाही पत्रातून सांगणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

प्रश्न : माझी आई ६२ वर्षांची आहे, वजन ४८ किलो. बरीच वर्षं मधुमेह आणि बीपी, बीपीला टेल्मिसार्टन चालू आहे. क्रिएटिनिन १.३ होतं. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, जरासंच वर आहे, काळजी नको. दुसऱ्या डॉक्टरांनी लघवीची एसीआर तपासणी करायला लावली, ती ४२० आली. त्यांनी एम्पाग्लिफ्लोझिन नावाची गोळी सुरू केली. तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.५ झालं! आम्ही घाबरून गोळी बंद केली. बरोबर केलं ना? बीपीसाठी आता घरात लो-सोडियम मीठ आणलं आहे. आई नवरात्रात नऊ दिवस उपास धरते. — एक शिक्षिका, बार्शी

उत्तर : ताई, गोळी परस्पर बंद करायला नको होती. आजच त्या डॉक्टरांना फोन करा आणि १.५ चा आकडा सांगा. बाकी सगळं ठीक असेल तर ते बहुधा ‘पुन्हा सुरू करा’ म्हणतील, कारण एवढी वाढ अपेक्षितच होती. ती होणार आहे हे त्यांनी चिठ्ठी देतानाच सांगितलं असतं तर तुमची झोप उडाली नसती, हेही खरं.

आधी त्या १.३ बद्दल. क्रिएटिनिन हा आपल्या स्नायूंतून येणारा टाकाऊ पदार्थ, किडनी तो रक्तातून बाहेर टाकते. अंगात स्नायूच कमी असतील तर किडनी थकली तरी हा आकडा फार चढत नाही. म्हणून वय आणि लिंग धरून त्यावरून ईजीएफआर काढतात, म्हणजे किडनी मिनिटाला किती रक्तद्रव गाळते त्याचा अंदाज. १.३ हेच क्रिएटिनिन पंचविशीतल्या मुलाचं असेल तर ईजीएफआर ७८ च्या आसपास येतो. तुमच्या आईचा येतो ४६. कागदावर ज्याच्यापुढे ‘जरासं वर’ म्हटलं गेलं त्या आकड्यामागे निम्म्याच्या आसपास काम गेलेलं होतं. आणि एसीआर, म्हणजे लघवीतून जाणारं अल्ब्युमिन हे प्रथिन, ३० च्या आत हवं. ३०० च्या पुढे गेलं की आम्ही खुर्चीत सावरून बसतो. ही तपासणी काही शे रुपयांची, सकाळच्या एका बाटलीभर लघवीची. मधुमेह असलेल्या प्रत्येकाची वर्षातून एकदा व्हायला हवी. होत नाही. माझ्याकडे येणारे कितीतरी मधुमेही एचबीए१सीचे, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे, दहा-दहा जुने कागद प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी करून आणतात आणि त्यात एसीआरचा एकही कागद नसतो. दुसऱ्या डॉक्टरांनी ती करायला लावली, तिथेच त्यांनी आईचं मोठं काम केलं.

आता गोळीकडे. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत रक्तात घेतात. त्या गाळलेल्या द्रवात १८० ग्रॅमच्या आसपास साखर असते, तीही परत घेतली जाते, आणि त्यातली ९० टक्के उचलणाऱ्या प्रथिनाचं नाव एसजीएलटी-२. मधुमेहात साखर जास्त, म्हणून हे प्रथिन जास्त राबतं आणि साखरेसोबत मीठही ओढून घेतं. पुढच्या नळीत मीठ कमी पोचलं की किडनीला वाटतं, आपण कमी गाळतोय. मग ती गाळणीकडे येणारी रक्तवाहिनी सैल सोडते आणि गाळणीवरचा दाब वाढत जातो. कॅनॉलचं वरचं गेट सताड उघडं आणि चारीचे काठ फुटायला आलेले, असा तो प्रकार. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या गोळ्या ते प्रथिन अडवतात, त्यामुळे वरचं गेट थोडं खाली येतं. टेल्मिसार्टन बाहेर जाणारी वाट मोकळी करतं. दोन्हींनी दाब उतरतो, आणि दाब उतरला की पहिल्या काही आठवड्यांत गाळणं किंचित कमी होतं. तुमच्या आईचा ईजीएफआर ४६ वरून ३९ वर आला तो यामुळेच. पहिली घसरण ३० टक्क्यांच्या आत असेल तर आम्ही गोळी थांबवत नाही. त्यानंतरची वर्षावर्षाची घसरण मंदावते, आणि गोळी देतो ती त्याचसाठी.

यामागचा इतिहास मला फार आवडतो, म्हणून थोडं विषयांतर. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये युरोपात फ्लोरिझिन नावाचा पदार्थ वेगळा केला गेला. तो दिला की लघवीतून साखर जाते, हे त्याच शतकात कळलं. त्याच धर्तीवर आजच्या गोळ्या बनल्या, त्याही मधुमेहासाठी. औषध हृदयाला अपाय करत नाही ना, एवढं तपासायला मोठे अभ्यास झाले आणि २०१५ मध्ये लक्षात आलं की हृदय तर वाचतंच, किडनीही वाचतेय. २०१९ मध्ये कॅनाग्लिफ्लोझिनचा ४,४०१ मधुमेही किडनीरुग्णांवरचा अभ्यास मुदतीआधी थांबवला गेला, कारण फायदा उघड दिसत होता. २०२० च्या डापाग्लिफ्लोझिनच्या अभ्यासात जवळपास एक तृतीयांश लोकांना मधुमेह नव्हताच, तरी किडनी निकामी होण्यासारख्या गंभीर घटना एकूण ३९ टक्क्यांनी कमी झाल्या. २००१ मध्ये टेल्मिसार्टनच्याच जातीच्या लोसार्टनचा उपयोग सिद्ध झाल्यानंतर जवळपास वीस वर्षं आमच्या हाती या आजारासाठी नवं काही आलं नव्हतं. त्या वीस वर्षांत आम्ही रुग्णांना ‘मीठ कमी करा’ सांगत डायलिसिसची वाट बघायचो. आता फिनेरेनोन ही आणखी एक गोळी आहे, सेमाग्लुटाइड या मधुमेहाच्या औषधाचा किडनीवरचा अभ्यास २०२४ मध्ये आला, आणि फिनेरेनोन व एम्पाग्लिफ्लोझिन एकदमच सुरू केलं तर सहा महिन्यांत अल्ब्युमिन निम्म्यावर येतं हे २०२५ मध्ये दिसलं. एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात मार्च २०२५ मध्ये संपलं. साठ रुपयांच्या आसपासची गोळी काही कंपन्यांनी दहा रुपयांच्या आत आणली. तालुक्याच्या दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरच्या दृष्टीने ही त्या वर्षातली सगळ्यात मोठी बातमी होती.

आता नवरात्र. ही गोळी चालू असताना कडक उपास धरायचा नाही. पोटात अन्न नसताना, उलट्या-जुलाब चालू असताना किंवा ऑपरेशनच्या आधी ती घेतली तर रक्तात आम्ल साठू शकतं, आणि फसवणूक अशी की तेव्हा ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेली दिसतही नाही. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर थेट हॉस्पिटल. आईंना धान्यफराळ करून नवरात्र करायला सांगा, नाहीतर घटस्थापनेच्या आधीच डॉक्टरांना विचारून गोळी किती दिवस थांबवायची ते ठरवा. लघवीच्या जागी खाज आली तर तेही बोलायला सांगा. ते बुरशीमुळे होतं, साध्या मलमाने जातं. बायका हे डॉक्टरला सांगत नाहीत आणि गोळी मात्र गुपचूप बंद करतात.

आणि ते लो-सोडियम मीठ आजच्या आज परत करा. त्यात सोडिअमच्या जागी पोटॅशिअम क्लोराइड असतं. ईजीएफआर ३९, त्यात टेल्मिसार्टन, त्यात हे मीठ: पोटॅशिअम चढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली, तेव्हाही किडनीच्या रुग्णांना त्यातून वगळलं. साधं मीठच वापरा, पण निम्मं. लोणचं, पापड आणि ताटातलं वरचं मीठ बंद.

प्रश्न : मुलगी २३ वर्षांची. दोन महिन्यांपासून डोळ्यांखाली आणि पायांवर सूज, लघवीला फेस. बायोप्सी केली. रिपोर्टमध्ये ‘मेम्ब्रेनस नेफ्रोपथी, पीएलए-२-आर निगेटिव्ह, नेल-१ पॉझिटिव्ह’ असं आहे. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, चेहऱ्याला काय लावतेस? ती गोरं होण्याचं क्रीम लावते, मैत्रिणीने आणून दिलेलं. क्रीमचा आणि किडनीचा काय संबंध? तिच्या लग्नाची बोलणी चालू आहेत. स्टिरॉइड द्यावं लागेल का? — एक आई, नांदेड

उत्तर : तुमच्या डॉक्टरांनी अगदी नेमका प्रश्न विचारला. क्रीमची डबी फेकू नका, त्यांच्याकडे घेऊन जा. शक्य असेल तर मुलीच्या रक्तातला आणि लघवीतला पारा तपासून घ्या.

पारा त्वचेत रंग तयार होण्याची क्रिया अडवतो, म्हणून काही क्रीमवाले तो घालतात. डबीवर लिहीत नाहीत. आपल्याकडच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. पण बिलाशिवाय, बॅच नंबरशिवाय हातोहात विकलं जाणारं क्रीम कोण तपासतो? तो पारा त्वचेतून रक्तात जातो. मग शरीर काही प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) बनवतं आणि ती किडनीच्या गाळणीच्या पडद्यावर जाऊन बसतात. पडद्याला जणू भोकं पडतात, प्रथिनं लघवीतून वाहून जातात, अंगावर सूज येते. रिपोर्टमधली मेम्ब्रेनस नेफ्रोपथी ती हीच.

केरळातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले मेम्ब्रेनसचे २२ रुग्ण नोंदवले. त्यातले १५ नेल-१ पॉझिटिव्ह होते, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं होण्याचं क्रीम लावत होते. वेल्लोरच्या सीएमसीने २०२२ मध्ये पारंपरिक औषधांशीही या प्रकाराचा संबंध दाखवला. तेव्हा घरात कुणी भस्माची पुडी किंवा कसली गोळी मुलीला देत असेल तर तीही डबीसोबत न्या.

हे सगळं कळायला लागून फार काळ झालेला नाही. २००९ पर्यंत आम्ही मेम्ब्रेनसच्या बहुतेक रिपोर्टांवर ‘कारण अज्ञात’ असं लिहून मोकळे व्हायचो. त्या वर्षी बॉस्टनमधल्या संशोधकांना यातल्या सुमारे ७० टक्के रुग्णांच्या रक्तात पीएलए-२-आर या प्रथिनाविरुद्धचं प्रतिपिंड सापडलं. आता काही रुग्णांमध्ये रक्ताच्या त्या एका तपासणीवरच निदान होतं, बायोप्सीसाठी किडनीत सुई टोचावी लागत नाही. जिथे ते सापडत नाही तिथे बायोप्सीच्या तुकड्यावर पुढची नावं शोधतात, नेल-१ त्यातलंच. वयस्कर माणसात नेल-१ दिसलं तर आम्ही कुठे कॅन्सर लपलाय का ते बघतो. तेवीस वर्षांच्या मुलीत आधी चेहऱ्याचं क्रीम विचारतो. लहान मुलांच्या वारंवार येणाऱ्या सुजेतही २०२२ पासून नेफ्रिन या प्रथिनाविरुद्धचं प्रतिपिंड सापडू लागलंय. एकाच ‘सुजेच्या किडनीविकारा’तून असे वेगवेगळे आजार सुटे होत आहेत आणि उपचारही सुटे होत आहेत.

म्हणून तुमच्या स्टिरॉइडच्या प्रश्नाचं उत्तर: क्रीम हेच कारण ठरलं तर बहुधा नाही. क्रीम बंद केलं आणि लघवीतलं प्रथिन कमी करणारी टेल्मिसार्टनच्या जातीची गोळी दिली की अशा बऱ्याच रुग्णांमध्ये काही महिन्यांत प्रथिन उतरतं. धीर मात्र लागतो. सूज आठवड्यात जात नाही. तोवर एका गोष्टीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. या आजारात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. एकच पाय अचानक सुजला, दुखायला लागला किंवा एकदम धाप लागली तर रात्र असली तरी निघायचं.

लग्नाचं तुम्ही विचारलं नाही, नुसतं लिहिलंत. तरी सांगते. अशी मुलगी बरी होऊन लग्न करू शकते, पुढे आईही होऊ शकते. फक्त टेल्मिसार्टन गरोदरपणात चालत नाही, म्हणून आधी डॉक्टरांशी बोलायचं. बघायला येणाऱ्यांना सावळी मुलगी चालत नसेल तर स्थळ बदला.

प्रश्न : मला दोनदा मुतखडा झाला. मित्र म्हणतात बिअर पी, खडा पडतो. काका रोज कमरखाचा रस देतात आणि पाच लिटर पाणी पी म्हणतात, किडनी साफ राहते. दूध बंद केलंय. — एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : बिअर नको. लघवी वाढते ती तात्पुरती, नंतर शरीर कोरडं पडतं आणि युरिक अ‍ॅसिड वाढतं. पाणी खडेवाल्याने मोजून प्यावं, पण मोजायचं बाहेर पडलेलं: दिवसाची लघवी अडीच लिटर व्हायला हवी. पुण्यात डिसेंबरात त्याला जेवढं पाणी लागेल त्याच्या दीडपट अकोल्यात मे महिन्यात लागेल. ज्यांची किडनी आधीच कमजोर आहे त्यांना जादा पाण्याने फायदा होत नाही. कॅनडात ६३१ रुग्णांना वर्षभर जास्त पाणी पाजून पाहिलं, २०१८ मध्ये निष्कर्ष आला, फरक शून्य. दूध पुन्हा सुरू करा. जेवणातलं कॅल्शिअम खडे बनवणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवतं. ते तोडलं तर खडे वाढतात. तोडायचं असेल तर मीठ तोडा. कमरख, म्हणजे बाजारात स्टारफ्रूट म्हणून मिळतं ते, ऑक्झलेटने भरलेलं असतं आणि त्यात मेंदूवर परिणाम करणारं विषही असतं. निरोगी किडनी ते बाहेर टाकते. ज्याची किडनी अधू आहे त्याला मात्र त्यामुळे न थांबणारी उचकी लागते, झटकेही येतात. काकांना सांगा, रस करायचाच तर लिंबाचा.

प्रश्न : आमचं गाव दर्यापूरकडे, खारपाणपट्ट्यात. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. गावात किडनीचे पेशंट फार. माझा भाऊ ३८ वर्षांचा, शुगर नाही, बीपी नाही, आणि क्रिएटिनिन ३.८. सगळे म्हणतात पाण्यानेच झालं. घरी आरओ लावला तर आम्ही वाचू का? — एक शेतकरी, जि. अमरावती

उत्तर : दादा, तुमचं गाव ज्या पूर्णेच्या खोऱ्यात आहे तिथली ही ओरड मी रोज ऐकते, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. फक्त ‘पाणी खारं म्हणून किडनी गेली’ एवढ्यावर थांबू नका.

तुमच्या भावासारखे रुग्ण जगात आणखी काही ठिकाणी गठ्ठ्याने सापडतात. एल साल्वादोर आणि निकाराग्वातले ऊसतोड कामगार, श्रीलंकेत अनुराधापुराकडचे भातशेतकरी, आंध्रात श्रीकाकुळम जिल्ह्यातला उद्दानम पट्टा, आणि आपल्या शेजारी गोव्यातला काणकोण तालुका. चित्र सारखंच: कष्टकरी, त्यात पुरुष जास्त, तिशी-चाळिशीतले, मधुमेह नाही, लघवीत प्रथिन थोडंच, अंगावर सूज नाही. कळतं तेव्हा किडनी बरीच गेलेली. पाण्यातले धातू, शेतातली फवारणी, दुखण्याच्या गोळ्या, सगळ्यांवर संशय घेतला गेला. मध्य अमेरिकेत सगळ्यात जोर धरलाय तो उन्हाने: कडक उन्हात तासन्‌तास राबणं, पाणी न पिणं, रोज किडनीला छोटी इजा, रोज ती अर्धवट भरून येणं. तिथल्या एका साखर कारखान्याने तोडणीवाल्यांना ठरलेल्या वेळी पाणी, सावली आणि विश्रांती द्यायला सुरुवात केली, तेव्हा हंगामातली किडनीची इजा कमी झाली. आंध्र सरकारने उद्दानमला नळाचं पाणी आणि पलासाला किडनी संशोधन केंद्र दिलं. दोन्ही वाटा लागतात. आपल्याकडेही कुणीतरी गावोगाव जाऊन रक्त, लघवी आणि पाणी एकत्र तपासायला हवं. नुसते आरओचे प्लांट उद्‌घाटनं करून बसवल्याने कारण कळणार नाही.

आरओ लावा. पाणी पिण्यासारखं झालं की माणूस पुरेसं पितो, हाच त्याचा मोठा फायदा. खाऱ्या पाण्यातलं जादा मीठ बीपीलाही वाईटच. पण मला तुमच्या भावाला दुसरंच विचारायचं आहे: पाठ दुखली की काय घेतोस? सोंगणीच्या दिवसांत मेडिकलमधून दोन गोळ्या, नाहीतर डॉक्टरकडे जाऊन ‘एक सुई मारून द्या’. ती सुई बहुतेक वेळा डायक्लोफिनॅकची असते. दिवसभर घाम गाळून कोरड्या पडलेल्या किडनीवर ती पडते तेव्हा गाळणीकडे येणारं रक्त आणखी आटतं. डायक्लोफिनॅक दिलेली जनावरं मेल्यावर ती खाऊन आपली गिधाडं मेली, तीही किडनी बंद पडूनच. कारण २००४ मध्ये कळलं आणि २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं. माणसाची किडनी गिधाडापेक्षा पुष्कळ टणक आहे, पण ३.८ क्रिएटिनिन झालेली नाही. भावाला ही औषधं आता आयुष्यभर बंद, एसिक्लोफिनॅक आणि निमेसुलाइडसकट. अंगदुखीला डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल.

उन्हाळ्यात काम पहाटे पाचला सुरू करून दहाला थांबवता आलं तर थांबवा. घरातल्या तिशीपुढच्या प्रत्येकाचं क्रिएटिनिन, बीपी आणि लघवी एकदा तपासा. आणि भावाला या महिन्यातच नेफ्रॉलॉजिस्टला दाखवा.

प्रश्न : वडील ६७ वर्षांचे, दीड वर्षापासून डायलिसिसवर. पेपरात डुकराची किडनी माणसाला बसवल्याचं वाचलं. आपल्याकडे कधी येईल? आईचा रक्तगट जुळत नाही. वडिलांचं वय झालं म्हणून किडनी मिळण्याच्या यादीत नाव लागत नाही, असं कुणीतरी सांगितलं. — एक मुलगा, नागपूर

उत्तर : वाचलंत ते खरं आहे. मार्च २०२४ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रिचर्ड स्लेमन यांना डुकराची किडनी बसवली. तिच्यात ६९ जनुकीय बदल केलेले होते. ते दोन महिन्यांच्या आत गेले. किडनी नाकारली गेल्याची खूण मात्र तिथे सापडली नाही. न्यूयॉर्कमध्ये टोवाना लूनी यांच्या अंगात अशी किडनी १३० दिवस चालली, बॉस्टनमध्ये टिम अँड्र्यूज यांच्या अंगात २७१ दिवस. मग काढावी लागली. आता अमेरिकेत रीतसर चाचण्या होत आहेत. काम थक्क करणारं आहे, पण तुमच्या वडिलांनी त्याच्या भरवशावर एक आठवडाही घालवू नये.

वयाचं सांगितलं ते जुनं झालं. यादीत नाव लावायची ६५ वर्षांची अट केंद्राने २०२३ मध्ये काढली, राज्याचा रहिवासी असण्याची अटही गेली. प्रत्यारोपण झेपेल की नाही हे आता वडिलांचं हृदय आणि रक्तवाहिन्या तपासून ठरेल. ज्या हॉस्पिटलला प्रत्यारोपणाची परवानगी आहे तिथून नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीकडे नाव जातं. उद्याच चौकशी करा, कारण यादीत वाट पाहिल्याचा काळ धरला जातो.

आईचा रक्तगट जुळत नाही, एवढ्याने दार बंद होत नाही. स्वॅप करता येतो: तुमच्यासारखंच दुसरं जोडपं शोधायचं, तुमच्या आईची किडनी त्यांना आणि त्यांची तुमच्या वडिलांना. २०११ च्या दुरुस्तीने कायद्यात त्याला जागा दिली. गट न जुळताही प्रतिपिंडं धुऊन काढून प्रत्यारोपण होतं, पण खर्च आणि जंतुसंसर्गाचा धोका दोन्ही वाढतात, म्हणून आधी स्वॅप बघा. आता माझा एक तिरकस प्रश्न. आईचा रक्तगट तपासलात, तुम्हा भावंडांचे? वडिलांच्या भावांचे? जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत आपल्याकडे बायका फार, आणि मिळणाऱ्यांत पुरुष फार. समुपदेशनाच्या खोलीत पत्नी, आई किंवा बहीण पुढे बसलेली असते आणि धडधाकट मुलगा गाडी पार्क करायला गेलेला असतो. तुम्ही पत्र लिहिलंत म्हणजे तसे नसाल असं धरून चालते.

प्रश्न : सासूबाईंचा ईजीएफआर १४ आहे. डॉक्टर म्हणतात डायलिसिस जवळ आलंय, आत्ताच हातावर फिस्टुलाचं ऑपरेशन करून घ्या. त्या म्हणतात, हात अधू झाला तर भाकरी कशी थापू? लागेल तेव्हा मानेतून नळी टाकू. डायलिसिसचा खर्चही झेपणार नाही. — एक सून, परभणी

उत्तर : खर्चाचं आधी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला भेटा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांतही सोय होत गेली आहे. परभणीतच आधी विचारा, म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा संभाजीनगरची वारी वाचेल.

आता हात. सासूबाई भाकरी उजव्या हाताने थापत असतील तर फिस्टुला डाव्या हातावर करतील. मनगटाजवळची धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात, बहुतेकदा जागा बधिर करूनच. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ही युक्ती १९६६ मध्ये जगापुढे ठेवली आणि तिच्याहून चांगलं काही अजून निघालेलं नाही. शीर जाड व्हायला सहा-आठ आठवडे जातात, त्यासाठीच डॉक्टर घाई करताहेत. त्या हाताने भांडी घासता येतात, पोळी लाटता येते. हंडा-कळशी उचलायची नाही, आणि घट्ट बांगड्या घालायच्या नाहीत. उलट तो हात मऊ चेंडू दाबून दाबून वापरायचा असतो. मानेतली नळी म्हणजे थेट हृदयापर्यंत जंतूंना वाट. थंडी वाजून ताप आलेले, आयसीयूत गेलेले रुग्ण आम्ही त्या नळीपायीच जास्त बघतो. अंघोळही नीट करता येत नाही, हे सासूबाईंना सांगा. माझा अनुभव असा की त्या एका वाक्यावर बायका ऑपरेशनला तयार होतात.

फिस्टुला झाला की रोज सकाळी त्या जागेवर बोटं ठेवून थरथर लागते का ते बघायला शिकवा. लागली नाही तर त्याच दिवशी दवाखाना, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलं तर तो बंद पडून जातो. आणि ऑपरेशन व्हायच्या आधीपासूनच, म्हणजे आजपासून, डावा हात राखून ठेवायचा: रक्त काढायला, सलाइन लावायला किंवा बीपी मोजायला कुणी तो मागितला, मोठ्या हॉस्पिटलातली सिस्टर असली तरी, उजवा पुढे करायचा.